व्हीएम चालू होते, पण नेट मिळत नाही: कॉलेजच्या लॅबमधली नेहमीची अडचण

नाशिकमधल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी लॅब आणि सर्व्हर रूम सांभाळतो. सत्र सुरू झालं, नव्या बॅचसाठी व्हीएम (सॉफ्टवेअरने बनवलेली आभासी मशीन) बनवल्या, की ठरलेली तक्रार येते: "सर, मशीन चालू झालं, लॉगिन पण होतंय, पण नेटच नाही." आता इतर कॉलेजांतले लॅब असिस्टंटही हेच विचारायला फोन करतात, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतो आहे.

आमच्याकडची मांडणी बऱ्याच कॉलेजांत असते तशीच आहे. विभागाच्या सर्व्हरवर प्रॉक्समॉक्स (एका सर्व्हरवर अनेक व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर), त्यावर उबंटू २२.०४ चं एक टेम्प्लेट (साचा), त्यावरून मुलांसाठी क्लोन (नकला). लॅबच्या पीसींवर व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे साध्या पीसीवर व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर. कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत.

एक विनंती आधीच करतो. नेट नाही म्हणून व्हीएम पुसून पुन्हा बनवू नका. दोष टेम्प्लेटमध्ये असेल तर नवी व्हीएमही तोच दोष घेऊन येणार. दोष बाहेर स्विचवर असेल तर व्हीएमचा काही संबंधच नाही. शिवाय प्रत्येक नव्या व्हीएमबरोबर डीएचसीपीचा (मशीनना आपोआप आयपी पत्ते वाटणाऱ्या सेवेचा) आणखी एक पत्ता अडकतो, आणि मग चांगल्या मशीनही अडायला लागतात. पॅकेट (नेटवर्कवरून जाणारा डेटाचा तुकडा) नेमकं कुठे थांबतं ते शोधायचं, एवढंच काम आहे.

लक्षणं

तक्रार एकच असली तरी तिच्यामागे वेगवेगळे आजार असतात. व्हीएममध्ये "आयपी ए" ही कमांड चालवा, विंडोज असेल तर "आयपीकॉन्फिग", आणि यातलं काय दिसतं ते बघा:

– आयपीच नाही. विंडोजमध्ये १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसतो. उबंटू सर्व्हरमध्ये तोही दिसत नाही, फक्त "एफई८०" ने सुरू होणारी लांबलचक ओळ असते.
– दोन व्हीएमना एकच आयपी. पहिली नीट चालत असते, दुसरी चालू केली की पहिलीचं एसएसएच (लांबून केलेलं लॉगिन) तुटतं.
– आयपी आहे, पण आपल्या नेटवर्कचा नाही.
– आयपी बरोबर आहे, गेटवेला (नेटवर्कच्या बाहेर जायच्या दाराला) पिंग (पोचतं का ते बघणारी चाचणी) जातो, पण पॅकेज उतरत नाहीत, वेबसाइट उघडत नाही.
– ब्रिज मोडमधली (पीसीच्या लॅनवर स्वतंत्र मशीनसारखी जोडलेली) व्हीएम चालू करताच लॅबच्या पीसीचंच नेट जातं.

आणि एक असं, जो दोष नाही पण दोष म्हणून माझ्याकडे येतो: व्हर्च्युअलबॉक्समध्ये प्रत्येक व्हीएमला १०.०.२.१५ हाच पत्ता. नॅट मोडमध्ये, म्हणजे व्हीएम पीसीच्याच आयपीवरून बाहेर जाते तेव्हा, असंच असतं. प्रत्येक व्हीएम आपल्या वेगळ्या खोक्यात असते, गेटवे १०.०.२.२ असतो, पत्त्यांची टक्कर होत नाही. शेजारच्या पीसीवरून त्या व्हीएममध्ये शिरायचं असेल तर पोर्ट फॉरवर्डिंग (पीसीच्या एका पोर्टवर आलेलं व्हीएमकडे पाठवणं) लावा किंवा ब्रिज मोड घ्या. बाकी काही बिघडलेलं नाही.

काहीही उघडण्याआधी दोन प्रश्न

एकाच व्हीएमला त्रास आहे की सगळ्यांना? आणि काल चालत होतं का?

एकाच व्हीएमला असेल तर आत बघायचं. एका सर्व्हरवरच्या सगळ्यांना असेल तर त्या सर्व्हरचा ब्रिज (व्हीएमना लॅन कार्डाशी जोडणारा सॉफ्टवेअरचा स्विच) किंवा त्याला जोडलेला स्विच. सगळ्या लॅबलाच असेल तर व्हीएमकडे बघूच नका. या एका प्रश्नाने माझा निम्मा वेळ वाचतो, आणि तो विचारायला पैसे लागत नाहीत.

फुकटच्या तपासण्या

केबल लागली आहे का ते बघा. व्हर्च्युअल केबल म्हणतो आहे मी. व्हर्च्युअलबॉक्सच्या नेटवर्क सेटिंगमध्ये "केबल कनेक्टेड" अशी टिक असते. प्रॉक्समॉक्समध्ये नेटवर्क डिव्हाइस उघडून ॲडव्हान्स्डमध्ये "डिस्कनेक्ट" वर टिक राहिली नाही ना, ते बघा. परीक्षेच्या वेळी मुलांचं नेट बंद ठेवायला कोणीतरी ही टिक लावतं आणि काढायचं राहून जातं.

मग ब्रिज कोणत्या कार्डाला जोडला आहे ते बघा. लॅबच्या पीसीला लॅन आणि वाय-फाय दोन्ही असतील तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये चुकून वाय-फाय निवडलं गेलेलं असतं. वाय-फायवर ब्रिज भरवशाचा नाही. ॲक्सेस पॉइंट ज्या मॅक पत्त्याने (नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाने) लॉगिन झालं त्याचीच पॅकेट घेतो, आणि व्हीएमचा मॅक तर वेगळा. व्हर्च्युअलबॉक्स वाटेतच मॅक बदलून काम भागवतं, पण ते कुठे चालतं, कुठे नाही. लॅपटॉपवर काम असेल तर सरळ नॅट घ्या.

विंडोजच्या व्हीएममध्ये नेटवर्क कार्डच दिसत नसेल तर प्रॉक्समॉक्समध्ये मॉडेल बघा. ते व्हर्टआयओ (व्हीएमसाठीचं खास आभासी कार्ड) असेल तर विंडोजकडे त्याचा ड्रायव्हर मुळात नसतो. व्हर्टआयओची ड्रायव्हर आयएसओ जोडून ड्रायव्हर टाका, किंवा तूर्त मॉडेल इंटेल ई१००० करा.

घड्याळ बघायलाही विसरू नका. "टाइमडेटसीटीएल" चालवा. लाइट वारंवार गेल्यावर आणि मदरबोर्डचा सेल संपलेला असल्यावर सर्व्हर जुनी तारीख घेऊन उठतो. मग आयपी, गेटवे सगळं ठीक असतं, पण सर्टिफिकेट चालत नाहीत आणि उबंटू म्हणतं की रिलीज फाइल अजून वैध नाही. मुलांना ते "नेट नाही" असंच दिसतं. सीआर२०३२ सेल एमजी रोडवर कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात मिळतो. मात्र सर्व्हर उघडायचा अधिकार तुमच्याकडे असेल तरच तो बदला.

इंटरफेसचं नाव

आता थोडं आत जाऊ. व्हर्च्युअलबॉक्सवर बनवलेली व्हीएम प्रॉक्समॉक्सवर आणली आणि नेट गेलं, तर दहात नऊ वेळा कारण हेच असतं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये उबंटूला कार्ड "ईएनपी०एस३" नावाने दिसतं. प्रॉक्समॉक्सवर तेच "ईएनएस१८" होतं, आणि मशीनचा प्रकार क्यू३५ असेल तर "ईएनपी६एस१८". नेटप्लॅनच्या (उबंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या) फाइलमध्ये मात्र जुनंच नाव असतं. उबंटू त्या नावाचं कार्ड शोधतं, ते सापडत नाही, आणि खरं कार्ड कोणी उठवतच नाही.

"आयपी ए" मध्ये जे नाव दिसतं तेच नेटप्लॅनच्या फोल्डरमधल्या फाइलमध्ये आहे का ते ताडून बघा. त्याच फाइलमध्ये "मॅच" खाली एखादा मॅक पत्ता लिहिलेला असेल तर तोही बघा. क्लाउड-इनिट (व्हीएम पहिल्यांदा चालू होताना सेटिंग करणारा प्रोग्रॅम) असलेल्या टेम्प्लेटमध्ये मूळ मशीनचा मॅक तिथे राहून जातो, आणि क्लोनचा मॅक वेगळा असल्यामुळे तो नियम लागूच होत नाही. बदल केल्यावर थेट "अप्लाय" करू नका, "नेटप्लॅन ट्राय" वापरा. १२० सेकंदांत तुम्ही होकार दिला नाही तर जुनी सेटिंग परत येते, म्हणजे लांबून काम करताना स्वतःलाच बाहेर कोंडून घ्यायची वेळ येत नाही. फाइलमध्ये टॅब वापरू नका, स्पेसच द्या. एका टॅबमुळे सगळी फाइल नाकारली जाते.

दोन व्हीएमना एकच आयपी

याच्यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण यात भलेभले अडकतात.

पहिला संशय मॅक पत्त्यावर जातो, आणि तो आधी तपासावाच. व्हर्च्युअलबॉक्सचे मॅक ०८:००:२७ ने सुरू होतात. कोणी व्हीएमचं फोल्डर पेनड्राइव्हवर उचलून सगळ्या पीसींवर जसंच्या तसं टाकलं असेल, किंवा इम्पोर्ट करताना सगळे मॅक तसेच ठेवायचा पर्याय निवडला असेल, तर लॅबभर एकच मॅक फिरतो. नेटवर्क सेटिंगमध्ये मॅकच्या शेजारचं गोल बाणाचं बटण दाबलं की नवा मॅक मिळतो. व्हीएम बंद ठेवून दाबा.

पण प्रॉक्समॉक्स क्लोन करताना मॅक आपणहून बदलतं, आणि तरीही दोन क्लोनना एकच आयपी येतो. मॅक वेगळे, आयपी एक. इथे माणूस डीएचसीपी सर्व्हरला दोष द्यायला लागतो, आणि त्याचा काही दोष नसतो.

कारण टेम्प्लेटमध्ये आहे. ईटीसी फोल्डरमध्ये "मशीन-आयडी" नावाची छोटीशी फाइल असते, तिच्यात ३२ अक्षरांची एकच ओळ. उबंटू सर्व्हरचा नेटवर्क कार्यक्रम डीएचसीपीकडे पत्ता मागताना नुसता मॅक सांगत नाही. या मशीन-आयडीवरून काढलेली एक ओळख पाठवतो. टेम्प्लेट तयार करताना ती फाइल तशीच राहिली तर सगळे क्लोन एकच ओळख सांगतात. एकाच नंबरची दोन रेशनकार्डं दुकानात आली तर दुकानदार दोन्ही एकाच घराची धरणार, तसं सर्व्हर दोघांना एकाच मशीनचा पत्ता देतो.

खात्री करायला दोन्ही क्लोनमध्ये ती फाइल उघडा आणि शेजारी शेजारी ठेवा. पहिली चार अक्षरं जुळली की पुढचं वाचायचीही गरज नाही.

उपाय टेम्प्लेटवर करायचा, क्लोनवर नाही. क्लोनवर केला तर आजचा दिवस निघतो, पुढच्या बॅचला पुन्हा तेच. प्रॉक्समॉक्समध्ये टेम्प्लेट चालू करता येत नाही, म्हणून त्याचा एक पूर्ण क्लोन काढा. तो चालू करून मशीन-आयडीची फाइल रिकामी करा. पुसू नका, "ट्रंकेट" कमांडने शून्य आकाराची करा. व्हार, लिब, डीबस या वाटेवर त्याच नावाची दुसरी फाइल असते. ती पहिलीकडे बोट दाखवणारी लिंक आहे ना ते बघा. ती वेगळी खरी फाइल असेल तर काढून तिथे लिंक करा, नाहीतर उबंटू तिच्यातून जुनीच ओळख परत उचलतं. जाता जाता एसएसएचच्या होस्ट की (मशीनची ओळख पटवणाऱ्या फाइली) पण काढा, कारण त्याही सगळ्या क्लोनमध्ये सारख्या राहतात. मात्र क्लोन पहिल्यांदा चालू होताना त्या नव्याने तयार होतील अशी सोय ठेवा. क्लाउड-इनिट असेल तर "क्लाउड-इनिट क्लीन" चालवलं की पुढच्या वेळी तो नव्या की बनवतो. मग मशीन बंद करा, मध्ये एकदाही चालू न करता त्याचं नवं टेम्प्लेट करा, आणि जुनं काढून टाका.

आधीच वाटलेल्या क्लोनसाठी सोपी वाट म्हणजे नेटप्लॅनमध्ये "डीएचसीपी-आयडेंटिफायर" समोर "मॅक" लिहिणं. विंडोजच्या टेम्प्लेटला हेच काम "सिसप्रेप" करतो. "जनरलाइझ" वर टिक लावायची आणि शटडाउन निवडायचं.

आयपी आहे, तरी बाहेर जात नाही

आधी गेटवेला पिंग करा. तो गेला तर नावं उलगडतात का, म्हणजे डीएनएस वेबसाइटच्या नावाचा आयपी देतं का, ते बघा. इथे एक चुकीची सवय आहे: ८.८.८.८ ला (गूगलच्या डीएनएसला) पिंग जात नाही म्हणजे नेट नाही, असं धरायची. संस्थेच्या फायरवॉलवर बाहेरचा पिंग आणि बाहेरचं डीएनएस दोन्ही बंद असू शकतात. मुलांनी यूट्यूब बघून डीएनएस म्हणून ८.८.८.८ टाकलेलं असतं आणि त्यामुळेच सगळं अडतं. कॉलेजचं डीएनएस टाकल्याबरोबर चालू होतं.

दुसरं कारण फायरवॉलचं लॉगिन. ब्रिज मोडमधल्या व्हीएमला स्वतःचा आयपी असतो, म्हणजे फायरवॉलच्या दृष्टीने ती लॉगिन न केलेली नवी मशीन. उबंटू सर्व्हरमध्ये ब्राउझर नसतो, त्यामुळे लॉगिनचं पान दिसणारच नाही. "कर्ल" ने साधी एचटीटीपी साइट मागा. उत्तरात लॉगिनच्या पानाचा पत्ता आला की निदान झालं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये नॅट घेतलं तर व्हीएम पीसीच्या आयपीवरून बाहेर जाते आणि पीसीचं लॉगिन तिला चालतं. सर्व्हरवरच्या व्हीएमसाठी नेटवर्क विभागाला लेखी विनंती करून त्या आयपींना सूट मागावी लागते.

तिसरं कारण क्वचित येतं, पण आलं की दिवस खातं. व्हीएममध्ये डॉकर (प्रोग्रॅम वेगवेगळ्या डब्यांत चालवणारं सॉफ्टवेअर) बसवला, आणि बाकी सगळं चालतं पण कॉलेजच्या अंतर्गत सर्व्हरपैकी एक-दोनच दिसत नाहीत. डॉकर आपल्यासाठी १७२.१७.०.० ही रेंज घेतो. कॉलेजही तीच रेंज वापरत असेल तर तिकडे जाणारी पॅकेट व्हीएमच्या बाहेरच पडत नाहीत. "आयपी आर" चालवा, डॉकर०च्या ओळीवर नजर टाका, आणि डॉकरच्या डीमन फाइलमध्ये रेंज बदला.

आयपी भलत्याच रेंजचा असेल

लॅबमध्ये कोणीतरी दुसरा डीएचसीपी सर्व्हर चालू केला आहे. नेटवर्कच्या प्रॅक्टिकलला डीएचसीपी सर्व्हर बसवायला लावतात, मुलं ती व्हीएम ब्रिजमध्ये ठेवतात, आणि ती सगळ्या लॅबला पत्ते वाटायला लागते. मुलांचा यात दोष नाही, त्यांनी सांगितलेलं केलं आहे. ज्या पत्त्यावरून आयपी आला तो शोधा आणि ती व्हीएम "इंटर्नल नेटवर्क" वर टाका. प्रॅक्टिकलच्या सूचनांतच ही ओळ घातली तर दरवर्षीचा त्रास संपतो.

पॅकेट स्वतः बघा

इथवर काही सापडलं नसेल आणि प्रॉक्समॉक्सचा रूट (सर्वाधिकाराचं लॉगिन) तुमच्याकडे असेल, तरच हे करा. प्रत्येक व्हीएमच्या कार्डासाठी सर्व्हरवर एक टॅप इंटरफेस (व्हीएमच्या आभासी केबलचं सर्व्हरकडचं टोक) असतो. व्हीएमचा क्रमांक १०५ असेल तर "टॅप१०५आय०". त्यावर "टीसीपीडम्प" (जाणारी-येणारी पॅकेट दाखवणारी कमांड) लावा, पोर्ट ६७ आणि ६८ एवढंच बघा, आणि व्हीएम रीस्टार्ट करा. डीएचसीपीचं बोलणं चार पावलांचं असतं: डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, ॲक.

टॅपवर डिस्कव्हर दिसलाच नाही तर दोष व्हीएमच्या आत आहे, मागे जाऊन नेटप्लॅन बघा. टॅपवर दिसला पण सर्व्हरच्या प्रत्यक्ष लॅन पोर्टवर नाही, तर ब्रिज किंवा व्हीलॅन टॅग (पॅकेट एकाच स्विचवरच्या कोणत्या वेगळ्या नेटवर्कचं ते सांगणारा आकडा) बघा: ब्रिजवर "व्हीलॅन अवेअर" आहे का, टॅगचा आकडा बरोबर आहे का. प्रत्यक्ष पोर्टवर बघताना फिल्टरमध्ये व्हीलॅन हा शब्द घालूनही बघा, टॅग लागलेली पॅकेट कधी कधी साध्या फिल्टरमधून निसटतात. डिस्कव्हर बाहेर गेला, पुन्हा गेला, पुन्हा गेला आणि ऑफर आलीच नाही, तर तुमच्या बाजूचं काम संपलं. दोष स्विचवर किंवा डीएचसीपी सर्व्हरवर आहे.

त्याची खात्री एका साध्या प्रयोगाने होते. त्याच ब्रिजवर, त्याच टॅगवर दोन व्हीएम घ्या आणि दोघींना हाताने आयपी द्या. कोणाचे नसलेले पत्ते नेटवर्कवाल्यांना विचारून घ्या. त्या एकमेकींना पिंग करतात पण गेटवेला नाही, म्हणजे आतलं सगळं ठीक आहे.

इथे थांबा

स्विच आणि डीएचसीपी सर्व्हर नेटवर्क इनचार्जचे. पासवर्ड माहीत असला तरी हात लावू नका. तिथली एक चुकीची ओळ प्रवेश विभागापासून परीक्षा विभागापर्यंत सगळ्यांना बंद पाडते. या चार गोष्टी दिसल्या की सरळ फोन करा:

व्हीएम चालू करताच पीसीचंही नेट गेलं आणि लॅन पोर्टचा दिवा विझला. स्विचवर पोर्ट सिक्युरिटी (एका पोर्टवर किती मॅक चालतील याची मर्यादा) आहे. सिस्कोच्या स्विचवर ती चालू केली की मूळ सेटिंग एका पोर्टला एकच मॅक आणि जास्त दिसले तर पोर्ट बंद, अशी असते. केबल काढून-घालून उपयोग नाही, पोर्ट त्यांनाच उघडावा लागतो. तोवर व्हीएम नॅटवर ठेवा, नाहीतर उघडलेला पोर्ट लगेच पुन्हा बंद होईल.

लाइट जाऊन आल्यावर एका व्हीलॅनच्या सगळ्या व्हीएम बंद. आपल्याकडे वळवाच्या पावसात हे हमखास होतं. कोणीतरी स्विचवर ट्रंकमध्ये (अनेक व्हीलॅन नेणाऱ्या जोडणीत) व्हीलॅन वाढवलेला असतो, पण सेटिंग सेव्ह केलेली नसते. स्विच चालू असेपर्यंत ती टिकते, रीबूट झाला की जाते. फोनवर "ट्रंकमधला अमुक व्हीलॅन गेला असेल, घालून सेव्ह करा" एवढं सांगितलं तरी पुरतं.

सोमवारी चालत होतं, गुरुवारी नव्या व्हीएमना आयपी मिळत नाही, जुन्यांना मिळतो. पत्ते संपलेत. साध्या /२४ रेंजमध्ये २५४ पत्ते असतात, आणि विंडोजच्या डीएचसीपीत पत्ता मूळ सेटिंगप्रमाणे ८ दिवस अडकून राहतो, व्हीएम पुसली तरी. लॅबच्या व्हीलॅनसाठी ती मुदत काही तासांवर आणायची विनंती करा.

आणि प्रॉक्समॉक्सच अपडेटनंतर किंवा नवं कार्ड टाकल्यावर नेटवर्कवर येत नसेल तर तेही तुमचं काम नाही. बहुधा लॅन कार्डाचं नाव बदललेलं असतं आणि ब्रिज जुन्या नावावर अडकलेला असतो. ते सर्व्हरसमोर बसून, स्क्रीन जोडून, बॅकअप आहे याची खात्री करूनच करायचं.

फोन करताना व्हीएमचा मॅक, व्हीलॅनचा आकडा, सर्व्हरचं नाव, स्विचचा पोर्ट आणि बिघाडाची नेमकी वेळ जवळ ठेवा. टीसीपीडम्पची फाइल असेल तर मेलवर पाठवा. "नेट नाही" एवढंच सांगितलं तर समोरचा माणूस तुम्हाला पहिल्या पायरीपासून सगळं पुन्हा करायला लावतो.

प्रॅक्टिकल परीक्षा चालू असेल, एक्स्टर्नल समोर बसले असतील, तर यातलं काहीही शोधत बसू नका. लॅबच्या पीसीवरच्या व्हीएम नॅटवर टाका आणि मुलांचं काम सुरू करून द्या. सर्व्हरवरच्या व्हीएम अडल्या असतील तर प्रॉक्समॉक्सच्या कन्सोलमधून लॉगिन द्या, कारण कन्सोलला व्हीएमचं नेटवर्क लागत नाही. बाकी संध्याकाळी बघता येतं.